‘हजाराच्या ग्राइंडरमध्ये काय वाईट?’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, राम राम.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही मुख्य चार गोष्टी म्हटल्या. ८५० वॉटची, नावाजलेल्या कंपनीची, अडीच-तीन हजारांची, लोखंड कापायची-घासायची ४ इंची व्हीलची मशीन घ्या असं मी मागच्या लेखात लिहिलं, ते कास्तकाराला परवडत नाही. तुम्ही बाजारातून ११०० रुपयांना आणलेली बिननावाची मशीन दोन वर्षांपासून बिनतक्रार चालते आहे. गार्ड, म्हणजे व्हीलवरचं झाकण, आडवा येतो म्हणून तुम्ही तो पहिल्याच दिवशी काढून टाकला आणि काही बिघडलं नाही. आणि गावात विजेचा भरवसा नसताना बॅटरीची मशीन सोडून मी वायरवाली का सुचवली? शेवटी विचारलंत, “कंपनीकडून किती मिळाले?”

एक रुपयाही मिळालेला नाही. दारव्ह्याच्या दुकानातून मी माझ्या पैशाने घेतलेल्या मशीनवरच लिहितो.

पहिल्या मुद्द्यावर तुमचं खरं आहे. ८५० वॉट सरसकट सगळ्यांना सांगायला नको होतं. ज्याला वर्षातून चारदा कोठ्याचं टिन कापायचं, फाटकाचा अँगल जोडायचा, वखराच्या पासेला (लोखंडी पात्याला) धार लावायची, त्याला ६००-६५० वॉटची मशीन पुष्कळ झाली. डब्यावरचा वॉट म्हणजे मशीन खेचते ती वीज. व्हीलपर्यंत पोचणारी ताकद त्याहून कमीच असते. तेव्हा आकडा मोठा म्हणजे मशीन दणकट, असं नसतं. मागच्या लेखातलं ते वाक्य मी बदलतो आहे.

पण तुमची मशीन दोन वर्षं चालली, यावरून ती चांगली आहे असं अजून म्हणता येत नाही. तुम्हीच लिहिलंय की महिन्यातून एखादा तास काम निघतं. म्हणजे दोन वर्षांत चोवीस-पंचवीस तास. वेल्डिंगच्या दुकानात एवढे तास आठवड्याभरात होतात. मशीनची परीक्षा तेव्हा होते, जेव्हा तिचा कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा तुकडा, झिजून संपतो.

माझ्या पहिल्या मशीनचं तेच झालं. तीही स्वस्तातली, बिननावाची. एक दिवस मागच्या जाळीतून ठिणग्या दिसायला लागल्या, मग मशीन अडखळून बंद. उघडून पाहिलं तर कार्बन झिजून स्प्रिंग तांब्यावर घासत होती आणि आर्मेचरवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावर, काळे ओरखडे पडले होते. तालुक्याच्या तीन दुकानांत हिंडलो. त्या मापाचा कार्बन कोणाकडेच नव्हता. एका दुकानदाराने मोठा कार्बन कानशीने घासून बसवून दिला. तो पंधरा दिवस चालला. आर्मेचरसाठी नागपूरला इतवारीत जाऊन आलो, तिथेही मिळालं नाही. शेवटी मशीन भंगारात गेली. नावाजलेल्या मशीनच्या कार्बनची जोडी मला शंभराच्या आत, तालुक्याच्याच काउंटरवर मिळते. मी नावाजलेली घ्या म्हणतो ते एवढ्यासाठीच. नाव कोणतं हे मला महत्त्वाचं वाटत नाही. दुकानात मशीन हातात घेतली की दुकानदाराला आधी विचारा, “हिचा कार्बन आणि आर्मेचर दाखवता का?” त्याने ड्रॉवर उघडून समोर ठेवलं, तर मशीन ११०० ची असो की २,२०० ची, घ्या. “मागवून देतो” म्हणाला तर ठेवून द्या.

दुकानात आणखी एक करा. प्लग न लावता स्पिंडल (व्हील बसतं तो दांडा) बोटांत धरून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा गिअरची बसणी ढिली आहे. मग मिनिटभर रिकामी चालवून बंद करा आणि ती कशी थांबते ते ऐका. खरखर करत थांबणारी नको.

आता विजेचं. आपल्याकडे हाच मुद्दा सगळ्यात मोठा आहे आणि मागच्या लेखात मी तो दोन ओळींत उरकला, ही माझी चूक. आमच्या गावठाणाचं फिडर (वीजवाहिनी) शेतीपासून वेगळं झालेलं आहे, तरी डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटच्या खांबावर माझं घर. गेल्या फेब्रुवारीत संध्याकाळी मल्टिमीटर लावून पाहिला. मशीन बंद असताना १९४ व्होल्ट, अँगलवर टेकवली की १७८. सकाळी सहाला त्याच सॉकेटवर २२६. व्होल्टेज उतरलं की मशीनची फिरकी मंदावते. व्हील कापेना म्हणून आपण दाब वाढवतो, त्याने करंट वाढतो. मोटर थंड ठेवणारा पंखा त्याच आर्मेचरवर बसलेला असतो, तोही मंद फिरतो. म्हणजे उष्णता वाढली आणि वारा कमी झाला. त्यात मे महिन्यात ४५ अंशांत टिनाखाली काम करत असाल तर वाइंडिंगचा वास यायला वेळ लागत नाही. म्हणून जड कापणी मी पहाटे करतो, दोन-तीन कापांनंतर मशीन मिनिटभर रिकामी फिरवतो, आणि दाबून कापायचं पूर्ण सोडलं आहे. सगळ्यात स्वस्त मशीनचं आयुष्यही एवढ्याने वाढतं. वायर लांब न्यायची असेल तर १.५ चौ.मि.मी. तांब्याची घ्या. पंख्याला वापरतात ती बारीक जोडवायर नको.

आणि स्विच. याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. स्वस्तातल्या बहुतेक मशीनला सरकवून अडकणारा स्विच असतो. काम चालू असताना लाइन गेली की मशीन गप्प होते आणि आपण ती तशीच खाली ठेवून पाणी प्यायला जातो. माझ्याकडे हेच घडलं. मशीन ओट्यावर फळीवर होती, स्विच पुढेच अडकलेला. वीस मिनिटांनी लाइन आली. मशीन फळीवरून उडाली, वायर स्वतःभोवती गुंडाळत ओटाभर फिरली, व्हील फरशीवर आपटून फुटलं. त्याचा नखाएवढा तुकडा टिनाच्या भिंतीत रुतला, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. त्याच भिंतीला टेकून माझा भाचा बसलेला होता. त्याला काही झालं नाही. तो तुकडा मी पक्कडीने उपटून काढला तेव्हा हात थरथरत होता.

दाबून धरला तरच चालणारा स्विच, किंवा लाइन परत आल्यावर आपोआप सुरू न होणारी मशीन, ही सोय शहरापेक्षा आपल्याला जास्त हवी, कारण लाइन आपलीच जाते. त्यासाठी चार-पाचशे जास्त मोजावे लागले तर मोजा. जमत नसेल तर लाइन गेल्याबरोबर आधी प्लग काढायचा, मग हातातली मशीन खाली ठेवायची. घरातल्या पोरांनाही हेच शिकवा.

गार्डबद्दल मी तुमचं ऐकणार नाही. ४ इंची व्हील मिनिटाला ११,००० फेरे घेतं तेव्हा त्याची कड ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असते. ते फुटलं तर तुकडा त्याच वेगाने निघतो आणि त्याच्या वाटेत फक्त गार्ड असतो. हात पोचत नसेल तर गार्ड सैल करून फिरवा, काढू नका. शिवाय गार्ड काढला की मोठं व्हील बसवायचा मोह होतो. ५ इंची व्हीलचं भोक २२ मि.मी.चं, ४ इंचीला लागतं १६ चं. ते मधोमध बसतच नाही. ७ इंची व्हील तर साडेआठ हजार फेऱ्यांसाठीच बनवलेलं असतं. आणि लाकूड कापायला दातेरी पातं ग्राइंडरला लावू नका. सागाच्या गाठीत दात अडकला की मशीन उलटी अंगावर येते. लाकडाला करवत आहे.

चांगलं व्हील टिचकी मारून, आवाजावरून ओळखतो, असंही तुम्ही लिहिलंय. ती परीक्षा टेबलावरच्या ग्राइंडरच्या जाड दगडाची. कापायचं १ मि.मी.चं व्हील राळेने बांधलेलं असतं, ते खणखणत नाही. त्याच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत संपायचा महिना-वर्ष छापलेलं असतं, ते बघून घ्या. पावसाळ्यात ही व्हीलं मी झाकणाच्या डब्यात आडवी ठेवतो, कारण राळ ओल धरते. कापायच्या व्हीलच्या बाजूने घासायचं मात्र कधीच नाही. घासायला जाड व्हील किंवा फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती).

पासेला, विळ्याला धार लावताना ८० नंबरची फ्लॅप डिस्क घ्या आणि बाजूला पाण्याची बादली ठेवा. एक हलका हात फिरवायचा, बुडवायचं, पुन्हा एक हात. कडेवर आधी पिवळसर, मग तांबूस, मग निळी झाक चढते. निळं दिसलं की लोहाराने दिलेलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. मग ती धार दोन तासांच्या वखरणीत बोथट होते आणि आपण पोलादाला शिव्या देतो. माझ्या दोन पासा मी अशाच घालवल्या, मग लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन आणल्या.

बॅटरीच्या मशीनचा हिशोब मी करून पाहिला. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ७२ वॉट-तास. ६०० वॉटच्या जोराने काम केलं तर सात मिनिटं. वावरात काटेरी तारेचे चार अँगल कापायला ती झकास, पण दोन बॅटऱ्या आणि चार्जर धरून वायरवालीच्या कितीतरी पट खर्च होतो. परवडत नाही म्हणणाऱ्या कास्तकाराला ती मी कशी सुचवू?

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगतो. वेचणी झाली की आपल्या घरात समोरच्या खोलीत भाव येईपर्यंत कापूस भरलेला असतो, अंगणात कुटाराची गंजी असते. ठिणगी चांगली दहा-पंधरा फूट जाते, आणि कापूस आत धुमसत राहतो, वरून दिसत नाही. त्या दिवसांत मशीन घराच्या मागे न्या, ठिणग्यांची धार मोकळ्या मातीकडे करा, आणि काम झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबा.

तुमच्याकडे मशीन आहेच, तेव्हा नवीन घ्या असं मी म्हणत नाही. प्लग काढून मागची दोन टोपणं उघडा आणि कार्बन बाहेर काढा. पट्टीने मोजा. पाच-सहा मि.मी.च्या खाली गेला असेल तर जुना कार्बन खिशात घालून बाजाराच्या दिवशी तालुक्याला घेऊन जा. तसाच मिळतो का बघा, आणि मिळाला की नाही ते इथेच खाली लिहा.