सीटपोस्ट का कापला आणि सस्पेंशन का नाही लावलं, दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, ठीक आहे, तो तुमचा हक्क. पण वाचणाऱ्यांचा गैरसमज होईल अशा बऱ्याच गोष्टी त्यात आहेत म्हणून इथेच सगळ्यांसमोर उत्तर देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की जुनी माउंटन बाइक जेवढ्याला घेतली त्याच्यापेक्षा तिच्या दुरुस्तीचं बिल जास्त झालं, वेळ फार लागला, ओरिजिनल सीटपोस्ट (सीटचा दांडा) आम्ही कापून टाकला, सस्पेंशन फोर्क (धक्के झेलणारा पुढचा चिमटा) लावायला नकार दिला, पेंटवरचे ओरखडे तसेच ठेवले, मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा पार्ट) बदलून नंतरच्या सालचा बसवला आणि एवढं करून पुढचा ब्रेक किंचाळतो.

डिरेलरचं आधी घेतो कारण बाकी सगळं मतभेदाचं आहे, हा मात्र सरळ चोरीचा आरोप आहे. तुम्हाला विकणाऱ्याने सांगितलं सायकल १९८८ ची. सायकलचे पार्ट बनवणाऱ्या शिमानोच्या त्या काळातल्या पार्टवर मागच्या बाजूला दोन इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात, पहिलं सालाचं, दुसरं महिन्याचं, आणि सालाची मोजणी ए म्हणजे १९७६ पासून सुरू होते. तुमच्या डिरेलरवर पी डी आहे, म्हणजे एप्रिल १९९१. आता क्रँक (पॅडल ज्याला लागतं तो हात) उलटी करून बघा, तिच्यावरही पी च आहे. मागच्या हबावरची (चाकाच्या मधल्या भागावरची) जुनी कॅसेट, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्या, हायपरग्लाइड प्रकारची होती, ती शिमानोने १९८९ च्या सुमारास आणली, १९८८ च्या सायकलवर ती कारखान्यातून कशी येणार? सायकल आत घेताना आम्ही प्रत्येक पार्टचा फोटो काढतो, तुमच्यासमोरच काढले होते, त्यात हीच अक्षरं वाचता येतात. त्यामुळे आम्ही काही बदललेलं नाही, सायकलच १९९१ ची आहे आणि साल तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं, त्याचा जाब विकणाऱ्याला विचारा. (माझ्या मते १९९१ ची असणं काही वाईट नाही, उलट मागे १३५ एमएमचा हब आहे म्हणून चाकं आणि पार्ट सोपे मिळतात.)

आता सीटपोस्ट. बिलाचा आणि वेळेचा मोठा वाटा इथेच गेलाय आणि रिव्ह्यूत त्यावर एकच ओळ आहे, "चांगला दांडा कापून टाकला". दादा, तो चांगला नव्हता, तो फ्रेममध्ये जाम झाला होता. तुम्हाला वाटलं क्लॅम्प घट्ट असेल, क्लॅम्प पूर्ण काढून हातात घेतला तरी दांडा तसूभर हलला नाही हे तुम्ही स्वतः बघितलंय. फ्रेम क्रोमोली स्टीलची, दांडा ॲल्युमिनियमचा, मध्ये ग्रीसचा पत्ता नाही, आणि वरून पाणी नि घाम झिरपत राहिला की दोन वेगळ्या धातूंमध्ये रिॲक्शन सुरू होते, ॲल्युमिनियमवर पांढरा थर धरतो आणि तो थर मूळ धातूपेक्षा जास्त जागा खातो, म्हणजे दांडा नळीत आतल्या आत आवळत जातो. तीस वर्षं कुणी काढला नाही तर दुसरं काय होणार.

लोक म्हणतात तापवा की. ॲल्युमिनियम तापलं की स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, दोन्ही एकत्र तापले तर अजून घट्ट बसतं, उलट दांडा थंड करायला लागतो. आम्ही बीबी (पॅडलच्या धुरीचं बेअरिंग) काढून सायकल उलटी केली आणि खालून गंज सोडवायचं तेल सोडलं, मुरू दिलं, मग अमोनिया वापरून बघितला, मग दांड्याचं डोकं व्हाइसमध्ये धरून फ्रेम फिरवायचा प्रयत्न केला, तोही बेतानेच कारण नळी पातळ असते आणि जोर जास्त झाला की फ्रेमच पिळवटते. नाहीच निघाला. कॉस्टिक सोडा हा एक उपाय उरतो, तो ॲल्युमिनियम खाऊन टाकतो आणि स्टीलला हात लावत नाही, पण पेंट उडवतो, आणि तुमचं पहिल्या दिवसापासूनचं वाक्य होतं की मूळ पेंट आणि स्टिकर जपा. मग उरलं कापणं. कापायच्या आधी तुम्हाला फोटो पाठवून विचारलं, तुमचा "चालेल करा" असा मेसेज आहे.

आणि कापणं म्हणजे ग्राइंडर लावला आणि झालं असं नसतं. वरचा भाग उडवला की नळीत अडकलेला तुकडा राहतोच, त्यात नुसतं हेक्सॉचं ब्लेड हाताने घालून आतून उभी चीर पाडत जायचं. ब्लेड ॲल्युमिनियममध्ये असतं तोवर मऊ चंदेरी चुरा पडतो, स्टीलला टेकलं की आवाज बदलतो, करकर येते, तिथेच थांबायचं, नाहीतर फ्रेमला चर पडली. थोड्या अंतरावर दुसरी चीर, मग मधली पट्टी पक्कडीने आत वाकवून सोलून काढायची की उरलेला दांडा ढिला पडतो. हे काम हातावरच होतं, घाई केली की संपलं. नवीन दांडा २६.८ एमएमचा टाकलाय, तोही नळी मोजून. हे साइज ०.२ च्या फरकाने येतात, २६.६ चा पण आत गेला असता आणि क्लॅम्प आवळून बसलाही असता, फक्त काही महिन्यांनी नळीचं तोंड चेपून तडा गेला असता. जुने तुकडे फेकलेले नाहीत, तुमच्या बॉक्समध्ये पिशवीत आहेत.

वेळ लागला त्याचं दुसरं कारण बीबी. उजव्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, हे माहीत नसलेल्या कुणीतरी आधी तो दुसरीकडे फिरवून फिरवून पान्ह्याची पकडच गुळगुळीत केली होती. तेही निघालं, आटे साफ केले, नवीन बसवला. चेन १२ इंचाला जवळपास १/८ इंच लांबली होती, एवढ्या लांबलेल्या चेनने कॅसेटचे दात खाल्लेले असतात, नवीन चेन जुन्या दातांवर जोर दिला की उड्या मारते, म्हणून दोन्ही बदलले. शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) मात्र बदलले नाहीत. क्लिक होत नव्हते म्हणून तुम्हाला वाटलं मेले, पण आतलं ग्रीस वाळून घट्ट झालेलं होतं, डिग्रीझरने धुऊन पातळ तेल दिलं आणि दोन्ही चालू झाले. तिथे नवीन शिफ्टर लावून बिल फुगवता आलं असतं, लावले नाहीत, हे पण लिहायला हवं होतं.

सस्पेंशन फोर्कचं. इथे मी अजूनही नकारच देईन आणि कुणीही आलं तरी देईन. तुमचं म्हणणं स्टिअररचा, म्हणजे फोर्कच्या वरच्या नळीचा, साइज जुळतो मग प्रॉब्लेम काय. साइज जुळतो हे खरं, हेडसेट (तिथलं बेअरिंग) बदलून तो बसतोही. पण तुमची फ्रेम साध्या, सस्पेंशन नसलेल्या चिमट्यासाठी डिझाइन झालीय, एक्सलपासून क्राउनपर्यंत (चिमट्याच्या वरच्या टोकापर्यंत) ४०० एमएमच्या आसपास. तुम्ही आणलेला १०० एमएम ट्रॅव्हलचा (म्हणजे एवढा दबणारा) फोर्क ४७० च्या घरात जातो. साधारण २० एमएमला हेड अँगल (पुढच्या चिमट्याचा कल) एक डिग्री पडतो असा हिशोब, म्हणजे तुमची सायकल साडेतीन डिग्रीच्या आसपास मागे कलणार, बीबी वर जाणार, चढावर पुढचं चाक इकडे तिकडे भरकटणार. हे एक वेळ सवयीने चालवून घ्याल. पण लांब फोर्कचा ताण हेडट्यूब (हँडलखालची आखूड नळी) आणि डाउनट्यूब (तिथून पॅडलकडे उतरणारी नळी) यांच्या जोडावर येतो आणि तो जोड त्यासाठी बनलेलाच नाही, उतारावर तिथे फ्रेम गेली तर दात तुमचे जाणार आणि नाव आमचं. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला सस्पेंशन फोर्क आरएस-१ १९८९ ला आला तेव्हा त्याचा ट्रॅव्हल पाच सेंटीमीटर सुद्धा नव्हता, फ्रेम कंपन्यांनी सस्पेंशन धरून भूमिती बदलली ती त्यानंतर. १९८१ ची स्टम्पजंपर, जिच्यापासून कारखान्यातल्या माउंटन बाइकची सुरुवात झाली, तिलाही साधाच चिमटा होता आणि लोकांनी ती डोंगरातच चालवली. मऊ चाल हवी असेल तर जाड टायर टाका आणि हवा थोडी कमी ठेवा. हे तुम्हाला काउंटरवर सांगितलं होतं, तुम्ही फोनवर व्हिडिओ दाखवत होतात.

पेंटबद्दल तर मला हसावं का रडावं कळेना. आधी म्हणालात मूळ पेंट जपा, आता म्हणताय ओरखडे दिसतात. ओरखडे त्या पेंटचाच भाग आहेत. गंजाचे ठिपके ऑक्झॅलिक ॲसिडने काढले, पॉलिश केलं, आणि नळ्यांच्या आतून गंजरोधक तेल फिरवलं, जे तुम्हाला कधीच दिसणार नाही पण फ्रेम त्यानेच टिकणार आहे. सँडब्लास्ट करून पावडर कोट मारला असता तर फोटो झकास आले असते, पण स्टिकर कायमचे गेले असते, आणि बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ) नळी मध्यभागी ०.६ एमएम वगैरे असते, तिथे ब्लास्टिंगवाल्याचा हात जड पडला तर काय उरतं? आम्ही अशा चकचकीत केलेल्या फ्रेम बघितल्यात, वरून कीर्तन आतून तमाशा.

बिलाबद्दल तुम्ही लिहिलंय चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. मान्य, आकडे तसेच आहेत. पण कोंबडी चार आण्याला का मिळाली तेही बघा ना. विकणाऱ्याला सीट हलत नाही हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. हे वाचणारं कुणी जुनी माउंटन बाइक घ्यायला निघालं असेल तर फोटोवर जाऊ नका, समोर जाऊन सीटचा दांडा आणि हँडलचा स्टेम दोन्ही सोडवून हलवून बघा, हलत नसेल तर भाव तिथेच पाडा नाहीतर सोडून द्या. हेडट्यूबच्या मागे डाउनट्यूबच्या खालच्या अंगाला बोट फिरवा, पेंटला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून ठोकलीय. रीमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्टीवर मोजपट्टी टेकवून बघा, खळगा दिसला तर चाक संपत आलंय. आणि त्या काळचा सस्पेंशन फोर्क असेल तर आतले रबरासारखे इलास्टोमर बहुतेक कडक किंवा चिकट लगदा झालेले असणार हे धरूनच बोला.

राहिला ब्रेक. कँटिलिव्हर प्रकारच्या ब्रेकला नवीन रबर टाकले की काही दिवस असा आवाज येऊ शकतो. पॅडचं पुढचं टोक रीमला आधी लागायला हवं, मागे साधारण एक एमएम फट. पॅडच्या मागच्या टोकाखाली जाड कागदाची घडी ठेवायची, लिव्हर दाबून धरायची, नट आवळायचा, कागद काढायचा. रीमवर तेलाचा हात लागला असेल तर आधी स्पिरिटने पुसून घ्या. घरी जमत नसेल तर घेऊन या, उभ्या उभ्या करून देतो, त्याचे पैसे लागणार नाहीत, बिलावर तसं लिहिलेलंच आहे. फक्त येताना तो १०० एमएमचा फोर्क परत आणू नका.