म्हातारी मांजर सूड उगवत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मजकूर सतत पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: म्हातारी मांजर शी-शूसाठी ठेवलेला वाळूचा ट्रे सोडून घरात घाण करू लागली तर ती रागाने, मुद्दाम तसे करते, तिचे नाक त्या जागेवर घासावे, पाणी कमी द्यावे, फरशी फिनाईलने पुसावी आणि तरीही फरक पडला नाही तर तिला शेतात सोडून यावे. यातील एकही सल्ला पाळण्याजोगा नाही आणि काही तर थेट तिच्या जिवावर बेतणारे आहेत.

‘मुद्दाम करते’ हे आधी पाहू. आमची मांजर तेराव्या वर्षी ट्रेपासून वीतभर अंतरावर लघवी करू लागली, तेव्हा मलाही तो हट्टच वाटला होता. एका दुपारी मी नुसता बसून पाहत राहिलो. ती ट्रेपाशी आली, पुढचा एक पाय काठावर ठेवला, मागचे पाय उचलायला गेली, थबकली, पाय खाली घेतला आणि तिथेच बाजूला बसली. जागा तिला पक्की ठाऊक होती. काठ ओलांडणे जमत नव्हते. अमेरिकेत बारा वर्षांवरील १०० मांजरींचे एक्स-रे तपासून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९० मांजरींच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज आढळली होती. असे दुखणे असलेली मांजर बहुधा लंगडत नाही की ओरडत नाही. ती उड्या मारणे कमी करते आणि आपण ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो. आम्ही प्लास्टिकचे पसरट घमेले घेतले, त्याचा एका बाजूचा काठ चार बोटे उरेल इतका कापला, कड पॉलिश पेपरने घासली, त्यात बिनवासाची बारीक वाळू घातली आणि जिना चढावा लागू नये म्हणून ते खालच्या खोलीत ठेवले. आठवडाभरात फरशी कोरडी राहू लागली. नाक घासल्याने मांजर फक्त आपल्याला घाबरते आणि पुढच्या वेळी पलंगाखाली, आपल्याला दिसणार नाही अशा जागी बसते.

पाणी कमी करण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. उतारवयात मांजरींना मूत्रपिंडाचा जुनाट आजार पुष्कळदा होतो. मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत, म्हणून ती पातळ आणि जास्त होते, आणि गेलेले पाणी भरून काढण्यासाठी मांजर अधिक पिते. मधुमेहातही असेच घडते. म्हणजे पाणी पिणे हा परिणाम आहे, आणि तेच तोडले तर शरीर कोरडे पडून मूत्रपिंडे आणखी खचतात. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा तर घरात दोन-तीन ठिकाणी पाणी भरून ठेवायला हवे. सवय अचानक बदलली की पशुवैद्यांकडून लघवी, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे किती काम करतात ते दाखवणारा घटक) आणि साखर तपासून घ्यावी. काठापाशी अडखळणाऱ्या मांजरीचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओही त्यांच्या उपयोगी पडतो. बोका वारंवार जोर करत असेल आणि थेंबही येत नसेल, तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. सांधे दुखतात म्हणून माणसांची पॅरासिटामॉल मात्र कधीही देऊ नये, एका गोळीनेही मांजर दगावू शकते.

फिनाईलचेही तसेच. त्यातील फिनॉलसारखी द्रव्ये मांजरीच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि पुसलेल्या फरशीवरून चाललेले पाय ती चाटतेच. शिवाय त्या उग्र वासाखाली लघवीचा वास तिला येतच राहतो. पाळीव प्राण्यांसाठीचे, लघवीचा वास मुळातून मोडणारे एन्झाइमयुक्त क्लीनर वापरावे.

राहता राहिले शेत. तिथे ती उंदरांवर जगेल, असे त्या मजकुरात म्हटले आहे. घरातल्या ट्रेचा काठ जिला ओलांडता येत नाही, तिने कपाशीच्या सऱ्यांत उंदीर कसा धरावा आणि कुत्रे मागे लागले तर बांधावरच्या निंबावर कसे चढावे? प्राण्याला उपासमार किंवा तहान भोगावी लागेल अशा अवस्थेत विनाकारण सोडून देणे ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार क्रूरता आहे, आणि तो मजकूर नेमके तेच करायला सांगतो.