हुंकार

मध्यंतरी एका गुरुवारी सकाळी साडेसहाला बेल वाजली. दूधवाला बिलाला आला असेल म्हणून मी बनियन आणि टॉवेल अशा डोंबिवलीच्या राष्ट्रीय पोशाखात दार उघडलं. दारात हिचे मामा-मामी. मामांच्या हातात बॅग, मामींच्या हातात भडंगाची पिशवी, दोघांच्याही डोळ्यांत महालक्ष्मी एक्सप्रेसमधली अर्धवट झोप.

मी म्हणालो, "अरे! तुम्ही कसे काय?"

व्याकरणाच्या दृष्टीनं या वाक्यात काहीही चूक नाही. पण सांगलीहून रात्रभर प्रवास करून, कल्याणला उतरून, रिक्षावाल्याशी घासाघीस करून आलेल्या माणसाच्या तोंडावर ते फेकायचं नसतं.

"का ओ, सांगितलं नाही होय तुम्हाला?" मामींनी विचारलं.

आतून आवाज आला, "सांगितलंय. रविवारी. 'हं' म्हणाले होते."

ठाण्याला मुंज, त्यानिमित्त आठ दिवसांचा मुक्काम, मला बैठकीतल्या दिवाणाऐवजी गादीवर झोपावं लागणार, हे सगळं म्हणे मी रविवारीच मंजूर केलं होतं. एका अनुस्वारावर. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि तेवढ्या काळात मी जे जे कबूल केलंय, त्यातलं निम्मं अधिक 'हं'नंच केलंय. भिंतींचा पोपटी रंग त्यातलाच.

याचा दोष मी आजीवर ढकलतो. आजी गोष्ट सांगायची तेव्हा ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, हा नियम. "एक होता राजा." "हुं." "त्याला दोन राण्या." "हुं." हुंकार थांबला की पोरगं झोपलं असं समजून ती गोष्ट तिथंच थांबवायची. मला झोपही हवी असायची आणि गोष्टही. त्यामुळे सहाव्या वर्षीच मी झोपेत हुंकार द्यायला शिकलो. पुढे नोकरी लागली, लग्न झालं. विद्या कामाला येत राहिली. आवडत्या राणीचं पुढे काय झालं ते मात्र मला अजून माहीत नाही.

त्या गुरुवारनंतर मी सुधारायचं ठरवलं. योगायोगानं आमच्या ऑफिसात 'सक्रिय श्रवण' या विषयावर अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झालेलं होतं. (त्यातलं मला जेवणातलं श्रीखंड आठवत होतं. पण पुस्तिका सापडली.) कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली ही कल्पना मांडली. समोरच्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकायचं, शब्दांमागची भावना ओळखायची आणि आपल्याला काय समजलं ते आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं. सोपं होतं.

संध्याकाळी ही म्हणाली, "आज मावशी आल्या नाहीत."

मी मोबाइल पालथा ठेवला. तिच्या डोळ्यांत बघितलं. "म्हणजे, तुला असं म्हणायचंय की आज कामाच्या मावशींनी दांडी मारली."

"मी मराठीतच बोलले ना?"

"आणि त्यामुळे तुला कुठंतरी वाईट वाटतंय."

"वाईट काय वाटायचंय? भांडी पडलीत."

मी भांडी घासली. दोन अमेरिकन माणसांच्या सिद्धांताचा आमच्या घरात एवढाच उपयोग झाला. ज्ञानेश्वरी घेऊन बसलेल्या मामी मला ऐकू जाईल अशा बेतानं हिला म्हणाल्या, "माउलींनीसुद्धा नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला लोकांकडं अवधान मागितलंय बघ. माउलींना मागावं लागतंय, मग तुझं काय घेऊन बसलीस!"

खरा चमत्कार मामांचा. आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याजवळ माणसं येऊन बसायला लागली. शेजारच्या काकूंनी सुनेबद्दल सांगितलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीबद्दल पाऊण तास सांगितलं आणि जाताना रुमालानं डोळे पुसले. माझा मुलगा, जो माझ्याशी 'वायफाय गेलंय' एवढंच बोलतो, तो रात्री अकरापर्यंत गॅलरीत त्यांना नोकरी सोडावी की नाही ते सांगत होता. मी दाराआडून बघितलं. मामा पुढे झुकून, त्याच्या तोंडाकडे टक लावून बसलेले, आणि थोड्या थोड्या वेळानं एकच शब्द: "मग?"

मी मामींना म्हटलं, "काय ऐकतात हो मामा!"

"ऐकतायत कुठलं? मशीनचे सेल संपलेत सोमवारपासनं. तुम्हाला आणायला सांगितले होते की. 'हं' म्हणालात."

मी तसाच खाली उतरलो. तीनशेबारा नंबरचे, तपकिरी स्टिकरचे. स्टिकर काढलं की हवा लागून सेल चालू होतो, हे दुकानदारानं दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा नीट ऐकलं. मामांनी मशीन लावलं, चालू केलं, आमच्या बैठकीतला आवाज दोन मिनिटं ऐकला आणि काढून डबीत ठेवलं. "राहू दे," म्हणाले, "मुंजीत लागंल."

मामा-मामी गेले. दिवाण परत मिळाला. पण तो शब्द मी ठेवून घेतला. 'हं' म्हणजे सही, 'मग?' म्हणजे नुसती चौकशी, त्यात बांधिलकी नाही. शिवाय ऐकल्यासारखंही वाटतं.

रविवारी संध्याकाळी मी मॅच बघत होतो. ही आत मिक्सरच्या आवाजावर आवाज चढवून काहीतरी सांगत होती.

"मग?" मी म्हणालो.

आवाज जरा खुलला. आणखी बरंच काही आलं.

"मग?"

इतकी प्रसन्न ती पोपटी रंगानंतर पहिल्यांदाच वाटली. शेवटचे दोन बॉल राहिले होते. मी जीव ओतून तिसऱ्यांदा म्हटलं, "मग?"

"मग काय! वीस तारखेला सकाळीच निघायचं. तुम्ही इतकं विचारताय म्हणून तुमचंही नाव देऊन टाकलं."

"कुठं?" मी विचारलं.

आतला मिक्सर बंद झाला.