मुलीच्या उदासीचं खापर आईच्या विचारांवर नको

सध्या एक संदेश फिरतोय : ‘मुलगी उदास आहे? आधी आईचे विचार तपासा. आई नकारात्मक, म्हणून मुलगी नकारात्मक. घरात सकारात्मक बोला, मुलगी आपोआप बरी होईल.’ तो वाचून आधीच खचलेली आई आणखी खचते, म्हणून हे लिहितेय.

‘आई नकारात्मक, म्हणून मुलगी नकारात्मक.’ आई किंवा वडिलांना नैराश्य असेल तर मुलांना ते होण्याचा धोका दोन ते तीन पट वाढतो, हे खरं. पण त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो सुमारे ३७ टक्के निघाला आहे. शिवाय लहानपणी मुलगे आणि मुलींमध्ये नैराश्याचं प्रमाण जवळपास सारखं असतं. वयात आल्यावर मात्र मुलींमध्ये ते साधारण दुप्पट होतं. बहीण-भावाची आई तर एकच असते ना?

‘आधी आईचे विचार तपासा.’ आणि वडिलांचे? त्यांच्या नैराश्याचाही मुलांवर परिणाम होतो. संदेशात त्यांचा उल्लेखही नाही. मुलगी महिनोन्‌महिने खोलीचं दार लावून बसली, तर आईच्या मनात वाईटसाईट येणारच. म्हणजे परिणाम उलट्या दिशेनेही होतो.

‘सकारात्मक बोला.’ सगळ्यांत जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. मुलगी म्हणते, ‘मला काहीच जमत नाही.’ आपण लगेच म्हणतो, ‘असं बोलायचं नाही!’ पुढच्या वेळी ती बोलतच नाही. १९६०च्या दशकात अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी नैराश्यासाठी जी बोलण्यातून करायची उपचारपद्धती मांडली, तिच्यात वाईट विचारावर गोड विचार चिकटवत नाहीत. तो कितपत खरा आहे ते पडताळतात. ‘काहीच म्हणजे काय काय? आज नेमकं काय झालं?’ असं विचारून गप्प बसावं, ऐकावं. एका पेपरात मार्क कमी पडले की ‘आता हिचं कसं होणार’ असं तिच्यासमोर म्हणायची सवय आपल्याला असेल, तर ती जरूर मोडावी. आई-वडिलांच्या विचारांचा संबंध आहे तो इथे.

‘आपोआप बरी होईल.’ नाही. २००६मध्ये अमेरिकेत आई आणि मूल अशा १५१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या औषधोपचाराने ज्या आयांचं नैराश्य ओसरलं, त्यांच्या मुलांमधल्या मानसिक विकारांचं प्रमाण ११ टक्क्यांनी घटलं. ज्यांचं ओसरलं नाही, त्यांच्या मुलांत ते सुमारे ८ टक्क्यांनी वाढलं. तिथे आईला दोष दिला नव्हता, तिच्यावर उपचार केले होते.

मुलगी दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, तर तिला डॉक्टरांकडे न्या. स्वतःला इजा करण्याचं बोलली, तर त्याच दिवशी. आणि आईचंही मन थकलं असेल, तर तिचीही अपॉइंटमेंट घ्या.