टीबीने गेलेला मामा

माझा मामा १९९९ च्या दिवाळीआधी गेला. कशाने गेला, असं कोणी विचारलं की आमच्या घरातलं उत्तर ठरलेलं असायचं: टीबीने. खोटंही नव्हतं ते. टीबी होताच. तो बरा का होत नव्हता, तेवढं सांगायचं नसायचं.

परवाच्या रविवारी जिल्ह्याच्या गावी मेणबत्त्यांच्या कार्यक्रमाला गेलो होतो. मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी जगभर एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत मेणबत्त्या लावतात. आमच्याकडे पॉझिटिव्ह लोकांच्या संघटनेने एका हॉलच्या अंगणात हा कार्यक्रम ठेवला होता. साठ-सत्तर माणसं, निम्म्याहून जास्त बायका. चहाच्या कागदी कपाला बुडाशी भोक पाडून त्यात मेणबत्ती खोचलेली, म्हणजे मेण हातावर गळत नाही. वळवाचं वारं सुटलेलं, ज्योत काही टिकेना. एका पोराने वैतागून मोबाइलची बॅटरी लावली, तर मागून एक बाई करवादली, "बंद कर की रे ती! शूटिंग करायलाय काय?" फोटो काढायचे नाहीत हे आधीच बजावून सांगितलं होतं. पेपरवाल्या फोटोग्राफरलासुद्धा नुसते हात काढायची परवानगी होती.

प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि भरपूर बोलले. तरुणांनी मोहापासून दूर राहावं, संस्कार जपावेत वगैरे. समोर बसलेल्या कितीतरी बायकांना हा आजार लग्नातून मिळालेला, मंगळसूत्राबरोबर. त्यांना हे गृहस्थ संयम शिकवत होते. शेवटी म्हणाले, "लपून राहू नका, पुढे या, समाज तुमच्यासोबत आहे."

कोणता समाज, साहेब? पत्ता द्या, मामीला घेऊन येतो.

पुढे येणं काय असतं, ते या मेणबत्त्यांच्या सुरुवातीपासूनच आहे. २ मे १९८३, सॅन फ्रान्सिस्को. तेव्हा या आजाराचा विषाणू कोणता, हेही जाहीर झालं नव्हतं. तपासणी नाही, औषध नाही. तरी त्या रात्रीच्या मोर्चात सगळ्यात पुढे फलक धरून स्वतः रोगी चालत होते. फलकावर लिहिलं होतं, आम्ही आमच्या जिवासाठी लढतोय. त्यांच्यातला बॉबी कॅम्पबेल पेशाने नर्स. त्याने १९८१ मध्येच आपल्या पायांवरच्या डागांचे फोटो कॅस्ट्रो भागातल्या औषधाच्या दुकानाच्या काचेवर लावले होते, बाकीच्यांनी वेळेत ओळखावं म्हणून. १९८४ मध्ये तो गेला.

आणि आपल्याकडे? गोव्यातला डॉमिनिक डिसोझा पुढे आला नाही, त्याला पोलिसांनी पुढे आणलं. नेहमी रक्तदान करणारा तरुण. १९८९ च्या फेब्रुवारीत त्याला उचलून टीबीच्या एका बंद पडलेल्या दवाखान्यात ६४ दिवस डांबून ठेवलं. तेव्हा गोव्याचा कायदाच तसा होता, एचआयव्ही निघाला की डांबायचं. आईने कोर्टाची पायरी चढली तेव्हा तो बाहेर आला. तोवर नाव गावभर झालेलं. मग त्याने त्याच नावानिशी, चेहऱ्यानिशी या आजाराचं काम सुरू केलं. १९९२ मध्ये तोही गेला. तो थोर होता यात शंका नाही, पण प्रत्येकाने डॉमिनिक व्हावं ही अपेक्षा करणारे आपण कोण?

माझा मामा ट्रकवर होता. शेवटच्या दोन महिन्यांत आजीने त्याचं ताट वेगळं केलं, आणि ते ती स्वतः राखेने घासायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. प्रेम म्हणा, भीती म्हणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्या दवाखान्यात तो गेला तिथून त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिलं आणि तोंड पाहायला उघडू नका म्हणून सांगितलं. मी दहा वर्षांचा होतो. मला ते प्लास्टिक दिसतं अजून.

औषधं तेव्हा होती, ही गोष्ट फार उशिरा कळली आणि जिव्हारी लागली. तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार १९९६ पासून श्रीमंत देशांत चालू होता, खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाने तेच औषध दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केलं आणि जगभर खळबळ उडाली. तरी ट्रकवाल्याच्या घरात एक डॉलर रोज कुठून येणार? सरकारी दवाखान्यांत फुकट एआरटी, म्हणजे हाच औषधांचा उपचार, सुरू झाली ती १ एप्रिल २००४ ला, सुरुवातीला देशात फक्त आठ ठिकाणी. मामीचा सीडी फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, २००६ मध्ये खाली आला. तोवर जिल्ह्यात सोय झाली होती, म्हणून ती आज आहे. मामाला फक्त साताठ वर्षं कमी पडली.

कार्यक्रमात चिठ्ठ्या वाटल्या. गेलेल्या माणसाचं नाव लिहून दोरीला लावायचं. मी पेन हातात घेतलं आणि अडलो. मामाची मुलगी निगेटिव्ह आहे, चांगल्या घरी दिली आहे, सासरी काही माहीत नाही. निघताना मामीने बजावलं होतं, "जा तू, पण नाव नको घेऊ." मला काहीही झालेलं नाही, माझे कागद स्वच्छ, नोकरी पक्की, आणि तरी मीसुद्धा नाव लिहू शकलो नाही. (ही पोस्टही मामीला वाचून दाखवून टाकतोय. तपशील थोडे इकडेतिकडे केलेत, ओळखीच्यांनी अंदाज बांधत बसू नये.)

मी लिहिलं, 'मामा'. दोरीला लावायला गेलो तर तिथे एक 'बाबा' होते. मग 'आमचे हे'. 'ताई'. 'धाकटा'. दोन नुसत्या कोऱ्या. पूर्ण नाव-आडनावाच्या चिठ्ठ्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. एड्सबाधितांची माहिती गुप्त ठेवण्याचा कायदा २०१७ मध्ये झाला, २०१८ मध्ये लागू झाला. पण ती दोरी कायद्याला घाबरून तशी नव्हती, शेजाऱ्याला घाबरून होती.

रात्री मामीला फोन केला. लोक किती आले, जेवण ठेवलं होतं का, हे आधी विचारलं. मग एआरटी सेंटरच्या रांगेतल्या तिच्या मैत्रिणी आल्या होत्या का, ते विचारलं. एकीचं काय झालं, ती दोन महिने गोळ्या न्यायला आली नाही म्हणे. मी म्हटलं, मला कसं ओळखू येणार. मग जरा थांबून,

"काय लिहिलंस?"

"मामा."

"हं," म्हणाली. "ठेवते. नऊ वाजले, गोळी घ्यायचीय."