डबल बीला विषारी ठरवू नका, नीट शिजवा

हिवाळ्याच्या तोंडावर मंडईत डबल बीच्या शेंगा दिसू लागल्या की व्हॉट्सॲपवर तोच मजकूर फिरतो: ‘डबल बीत सायनाइड असतं, शिजवूनही जात नाही, घरच्या वेलाची तर मुळीच खाऊ नका.’ आमच्या सोसायटीत हे वाचून एकींनी फुलावर आलेला वेल उपटून टाकला. फार वाईट वाटलं, म्हणून लिहिते आहे.

‘सायनाइड असतं’ हे अर्धंच खरं. दाण्यात लिनामारिन नावाचं द्रव्य असतं. दाणा कच्चा चावला किंवा वाटला की दाण्यातलंच एक विकर (एन्झाइम) त्याला फोडतं आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. म्हणून कच्चा दाणा तोंडात टाकायचा नाही. लहान मुलं शेंगा सोलायला बसली की मटारासारखे दाणे मटकावतात. तिथे लक्ष हवंच.

‘शिजवूनही जात नाही’ हे मात्र साफ चूक. हायड्रोजन सायनाइड साधारण २६ अंश सेल्सियसलाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात ते वाफेबरोबर निघून जातं. लिनामारिन पाण्यात उतरतं आणि उकळीने ते विकरही निकामी होतं. ताजे दाणे भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता, खळखळ उकळत पंधरा-वीस मिनिटं शिजवा. बोटाने दाबल्यावर दाणा पिठूळ लागला पाहिजे. पाणी ओतून द्या. ‘सत्त्व जातं’ म्हणून ते आमटीत घालू नका. मग फोडणी, गोडा मसाला, आमसूल, गूळ, वर ओलं खोबरं. वाळलेले दाणे रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, याच रीतीने पण जास्त वेळ शिजवायचे.

आता घरचा वेल. विषाचं प्रमाण मुख्यतः जातीवर ठरतं. रानटी जातींत ते बरंच जास्त, लागवडीच्या पांढऱ्या दाण्याच्या जातींत कमी. वेल गच्चीत आहे म्हणून ते वाढत नाही. बी तेवढं खात्रीच्या दुकानातून, खाण्याच्या जातीचं घ्या.

पुण्यात जूनअखेर बी लावावं, पण कुंडीत पाणी साचू देऊ नये, बी कुजतं. वेलाला मजबूत मांडव लागतो. युरियाचा मारा केला की नुसता पाला माजतो; मुळांवरच्या गाठी नत्र पुरवतातच. मावा दिसला तर निंबोळी अर्क फवारा. शेंग हिरवी असतानाच आतले दाणे टच्च भरले की तोडा. उशीर झाला तर साल चिवट होते. मग त्या शेंगा वेलावरच वाळू द्या आणि पुढच्या जूनसाठी बी धरा.