कंपालात पायी चालणाऱ्यांसाठी काही सूचना

पायी चालणे प्रकृतीला मानवते, याबद्दल वैद्यांमध्ये दुमत नाही. तरीही युगांडाच्या राजधानीत, म्हणजे कंपालात, हा व्यायाम करण्याचा बेत असेल, तर आपण कोण आहोत, कशासाठी निघालो आहोत आणि आपल्याभोवती जमलेले पोलीस बंदोबस्तासाठी आले आहेत की अटकेसाठी, याची आधी खातरजमा करून घ्यावी.

एप्रिल 2011 मध्ये इंधन आणि अन्नधान्य कडाडले, तेव्हा विरोधकांचे नेते किझा बेसिग्ये यांनी लोकांना साधा उपाय सुचवला, की गाडीभाडे परवडत नसेल तर आपण सारे कामावर चालत जाऊ. त्यात त्यांना पुन्हापुन्हा अटक झाली. महिनाअखेरीस तर पोलिसांनी काच फोडून त्यांच्या डोळ्यांत तिखटाचा फवारा मारला आणि उपचारांसाठी त्यांना शेजारच्या केनियातली नैरोबी गाठावी लागली. काच कुठून आली, असा प्रश्न सूक्ष्म वाचकाला पडेल. त्या दिवशी ते मोटारीत बसले होते. तेव्हा चालणे सोडून दिले म्हणजे आपण सुटलो, अशा भ्रमात राहू नये. त्या आंदोलनात किमान नऊ माणसे प्राणांस मुकली.

चालायचेच असेल, तर योग्य माणसाच्या मागे चालावे. 4 डिसेंबर 2019 रोजी राष्ट्राध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांनी कंपालाच्या रस्त्यांवरून कोलोलोच्या मैदानापर्यंत भ्रष्टाचारविरोधी पदयात्रा काढली. जानेवारी 1986 पासून सत्तेवर असलेल्या गृहस्थांनी सरकारी भ्रष्टाचाराचा निषेध नेमका कोणाकडे नोंदवला, असली चौकशी करणे शिष्टाचाराला धरून नाही. जुलै 2024 मध्ये काही तरुणांनी हाच विषय घेऊन संसदेकडे चालत जायचे ठरवले, तेव्हा परवानगी नाकारण्यात आली आणि तुम्ही आगीशी खेळत आहात, असा इशारा खुद्द राष्ट्राध्यक्षांनी दिला. तरीही जे निघाले, त्यांतले अनेक जण सार्वजनिक उपद्रवाच्या आरोपाखाली कोठडीत पोहोचले. विषय एक, शहर एक. तरुणांची चूक एवढीच, की पदयात्रेला राष्ट्राध्यक्ष हवेत ही अट त्यांच्या ध्यानात आली नाही.

त्यांना राग कशाचा आला होता, तेही सांगतो, म्हणजे तो आपल्याला येणार नाही. करामोजा हा देशाच्या ईशान्येचा, अतिशय गरीब आणि गुरे पळवण्याच्या संघर्षांत होरपळलेला प्रदेश. तिथल्या लोकांच्या घरांसाठी पाठवलेले छपराचे पत्रे मंत्र्यांकडे आणि त्यांच्या आप्तांकडे वळवल्याचे 2023 मध्ये उघडकीला आले आणि मंत्र्यांवर खटले भरले गेले. एका राज्यमंत्र्यांच्या पत्र्यांनी तर शेळ्यांच्या गोठ्याला आसरा दिल्याचे निघाले. करामोजाचे लोक उघड्यावर राहिले हे खरे, पण शेळ्यांनाही पावसाचा त्रास होतोच, हा विचार तरुणांनी करायला हवा होता.

ज्यांना रस्त्यावर उतरण्याचे धैर्य नाही, त्यांनी रस्त्याचे छायाचित्र काढावे. एप्रिल 2023 मध्ये व्यंगचित्रकार जिम स्पायर सेंटोंगो यांनी ट्विटरवर कंपालातल्या खड्ड्यांचे प्रदर्शन भरवले आणि नागरिकांनी आपापल्या गल्लीतले निवडक खड्डे त्यासाठी हौसेने पाठवले. (खड्डा म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी.) काही दिवसांतच राष्ट्राध्यक्षांनी डागडुजीसाठी 6 अब्ज शिलिंग देण्याचा आदेश दिला. मात्र या यशाने हुरळून जाऊ नये. नागरिकांच्या अशा बोलण्याला सरकारदरबारी ‘लुगांबो’, म्हणजे चहाटळपणा, समजले जाते आणि त्याच्या दुष्परिणामांना तोंड देण्यासाठी जुलै 2018 पासून फेसबुक, व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांवर दिवसाला 200 शिलिंगचा कर बसवण्यात आला होता. तीन वर्षांनी तो गेला आणि इंटरनेट डेटावर 12 टक्के कर आला. आता चहाटळ आणि सज्जन यांना एकाच दराने पैसे भरता येतात. मतदानाच्या वेळी तेवढीही तोशीस पडू नये म्हणून जानेवारी 2021 मध्ये इंटरनेटच काही दिवस बंद ठेवले होते.

आपले मत कुणी विचारतच नाही, अशी तक्रार मात्र करू नये. राष्ट्राध्यक्षपदासाठी 75 वर्षांची वयोमर्यादा होती आणि 1944 चा जन्म असल्याने मुसेवेनींना ती पुढच्या निवडणुकीत आड येणार होती. 2017 मध्ये ती काढण्याचे विधेयक आले, तेव्हा जनतेचा कौल घेण्यासाठी प्रत्येक खासदाराला 2 कोटी 90 लाख शिलिंग देण्यात आले. लोकमत इतके महाग कुठे मिळते? त्याआधी सप्टेंबरात सभागृहात हाणामारी झाली, सुरक्षा दलांनी काही विरोधी सदस्यांना ओढून बाहेर काढले, आणि डिसेंबरमध्ये 317 विरुद्ध 97 मतांनी मर्यादा गेली. खासदारांनी पैसे घेऊन विचारलेल्या जनतेने नेमके काय सांगितले होते, हे शोधण्याच्या फंदात आपण पडू नये.

एक जुनी घोडचूक मात्र पुन्हा होणार नाही, याची काळजी सर्वांनीच घ्यावी. 1991 ते 1995 या काळात सरकारने प्राथमिक शाळांसाठी पाठवलेल्या खर्चाच्या अनुदानातले सरासरी 13 टक्केच शाळेपर्यंत पोहोचत होते. मग कुणाला किती पैसे पाठवले, ते याच सरकारने वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळांच्या फलकांवर लावायला सुरुवात केली. आईबापांनी आकडे वाचले, हेडमास्तरांना विचारले, आणि 2001 पर्यंत 80 टक्क्यांहून अधिक रक्कम शाळांत पोहोचू लागली. यामागे इतरही सुधारणा होत्या, असे अभ्यासक सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे. पण कागदाचा एक तक्ता भिंतीवर चिकटवण्याचा खर्च पाहता हा प्रयोग प्रत्येक खात्यात का झाला नाही, हे कळण्यासाठी फार हुशारी लागत नाही.

सगळेच असह्य झाले तर शेजारच्या देशात जाऊन चालावे, असे मी सुचवणार होतो. पण नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच बेसिग्ये यांना नैरोबीतून उचलून कंपालाच्या लष्करी न्यायालयापुढे उभे करण्यात आले. तेव्हा कायद्याचा मार्ग धरावा. 31 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागरिकांवर लष्करी न्यायालयात खटले चालवणे घटनाबाह्य ठरवले, हे आपण आनंदाने वाचावे. वाचायचे तेवढे लवकर वाचून घ्यावे, कारण नागरिकांना पुन्हा त्याच न्यायालयांपुढे नेण्याची सोय करणारे विधेयक संसदेने चार महिन्यांच्या आत मंजूर केले.